अर्धी हवा

पहाटे पाचला चापडगावच्या काठावर
टॉर्च दातांत धरून मी पुन्हा मोजते :
कॅमेरा एक, लांब लेन्स एक,
बॅटऱ्या दोन, थंडी लागू नये म्हणून मोज्यात घातलेल्या,
चपलांच्या खोक्यांतून वर्षभर जमवलेल्या
सिलिकाच्या पुड्या, एका बरणीत,
आणि द्राक्षबागेवरून उरलेलं प्लॅस्टिक.
मामा म्हणाले, गारपिटीत टिकलंय हे,
तुझ्या डबड्याला काय होतंय.

डबड्याचे अजून अकरा हप्ते बाकी आहेत.
विम्याच्या कागदावर मुंगीच्या अक्षरांत लिहिलंय
की पाणी म्हणजे अपघात नव्हे.

कडूबा भोई होडी लावतो.
होडी म्हणजे पत्रा, डांबर
आणि तळाशी कालच्या मासळीचं ओंजळभर पाणी,
त्यात एक खवला फिरतोय.
तो माझ्याकडे बघत नाही, पेटीकडे बघतो.
पेटी निर्यातीच्या द्राक्षांची,
वर रॉटरडॅम छापलेलं,
निफाडच्या पुढे कधी न गेलेली.
मग ट्रॅक्टरची जुनी ट्यूब टाकतो मधोमध,
सायकलच्या पंपाने हवा भरतो थोडी
आणि थांबतो.
'भरा की अजून.'
'नको ताई. टम्म भरली का तीच उडवून लावती.
अर्धी ठिवली का दणका गिळती.'

पट्टा बाकाला बांधू का, विचारलं
तर म्हणाला, होडीला काही बांधू नये.
होडी उलटली तर जे बांधलं ते तिच्याबरोबर खाली.
तुमच्या कॅमेऱ्याला एक रिकामा कॅन बांधा.
पाच लिटरचा, गोडेतेलाचा.
बांधला.

पाणकणसांतून बाहेर आलो.
धुकं एवढं की वल्ह्याचं टोक दिसेना.
कुठेतरी पाणकोंबडी बोलली आणि गप्प झाली.
मी प्लॅस्टिकला लेन्सपुरतं भोक पाडलेलं,
दुधाच्या पिशवीचं रबर वरून दुहेरी,
आणि हात आत, जसा गाईच्या पोटात
डॉक्टरांचा जातो.

मग दारणेचं आवर्तन आलं.
काल रात्री सोडलं असणार, आम्हाला कोण सांगतं.
संगमाकडून पाणी तिरकं आलं, आखूड लाटा,
एकीवर नाक वर, दुसरीवर बूड,
आणि काठावरून पाणी आत, माझ्या मांडीवर.
मी सगळी पेटीवर पडले,
कोपरं, गुडघे, दातसुद्धा आवळलेले.
प्रत्येक दणका होडीतून माझ्यात
आणि माझ्यातून थेट काचेत.
कडूबा डब्याने पाणी उपसत होता,
एका हाताने वल्हं, एकही शिवी नाही.
'ताई,' म्हणाला,
'तुमीच लई टम्म झाल्या.'

हसू आलं, भीतीतच आलं.
श्वास निम्मा सोडला.
कंबर सैल केली, टाचा उचलल्या,
होडी जाईल तिकडे थोडी थोडी गेले.
पेटीतली खडखड थांबली.

तेव्हाच करकोचे उठले.
चाळीस असतील, साठ असतील,
मोजायलाच तर वनखात्याने मला पाठवलं होतं.
सात फोटो. सातही भोकातून.
सातांच्याही कडेला प्लॅस्टिकची दुधी किनार
आणि पाण्याची रेघ कुठेच आडवी नाही.
नाशिकच्या ऑफिसात ती सरळ करून घेतील.
माझ्याकडच्या प्रतीत मी केली नाही.

काठावर कडूबाने ट्यूबची हवा सोडली,
ट्यूब खांद्यावर टाकली, पैसे मोजून घेतले,
त्यातली वीसची नोट परत दिली, भिजलेली होती.

रात्री घरी तवा मंद आचेवर ठेवून
सिलिकाचे मणी भाजत बसले.
ओले झाले की गुलाबी होतात,
कोरडे होत पुन्हा निळे.
आई म्हणाली, हे काय नवीन, साबुदाणा?
हळूहळू निळे होत गेले सगळे.
कडेचे चार-पाच बराच वेळ गुलाबीच होते.
मी गॅस बंद केला
आणि ते तसेच बरणीत घातले.