हात कुठवर

डबा दुपारच्या विमानातून आला, कडांना बर्फ धरलेला.
आत मुठीत मावेल एवढं ड्रिल
आणि तीन रंगांच्या सुया: गुलाबी, निळी, पिवळी.
शीर सापडली नाही तर नडगीच्या हाडाला भोक पाडायचं,
औषध मज्जेत सोडायचं.
सोबतचं चकचकीत पत्रक म्हणतं, दहा सेकंदांचं काम.

गूज बेहून डॉक्टर पेनींचा फोन:
"ब्यूला, तुझा हात हलका आहे. तुला सहज जमेल."

जमेल की.
शेडमध्ये याहून मोठं ड्रिल चालवलंय मी,
नवऱ्याच्या कोमाटिकच्या फळ्यांना भोकं पाडलीत,
उणे तीस अंशांत, हातमोजे घालून.

रात्री फाइल उघडली.
कायद्यात मनाई कुठेच नाही.
पण मनाई नाही म्हणजे मुभा आहे, असं कोण म्हणालं?
आमच्या दवाखान्याच्या नियमांत हाड हा शब्द
एकदाच सापडला, प्लास्टरच्या पानावर.
कुणी शिकवलं? कुणी पाहिलं मला करताना?
सुई हाड चुकवून मांसात शिरली, पोटरी फुगत गेली,
तर ते मला वेळेत कळेल?
कळलं, आणि विमान धुक्यात अडकलेलं असलं,
मग?

अकरा वर्षांपूर्वी एफ्रैमच्या पापणीला
मी टाका घातला होता.
कुत्र्याने फाडलेली पापणी, वादळाची रात्र, सात वर्षांचं पोर.
टाका सुरेख बसला. गावाने मला मासे आणून दिले.
एफ्रैम अजून दुकानात भेटतो, हसतो.
डोळा पूर्ण मिटत नाही त्याचा.
झोपेतसुद्धा, त्याची आई म्हणाली एकदा,
सहज, दुधाचे पैसे मोजता मोजता.

म्हातारी डॉर्कस, जिच्या हाताखाली मी शिकले,
म्हणायची, हात शिवशिवायला लागला की खिशात घाल,
आणि खिशात असताना त्याला विचार, कुणासाठी शिवशिवतोयस?

डॉक्टरांना लिहिलं:
लेखी आदेश हवा. दोन दिवसांचं शिक्षण हवं.
शेजारी उभं राहून सही करणारं माणूस हवं.
तोवर डबा वरच्या फळीवर.
त्यावर चिठ्ठी चिकटवली: वापरू नये.
मग खाली एक शब्द वाढवला: अजून.

त्यांचं उत्तर तुटक आलं. रागावलेत.
नर्सने आपली पायरी ओळखावी, असं एरवी हेच म्हणतात.
आता मी खाली वाकून ती पायरी चाचपतेय,
पाय टाकण्याआधी, बर्फ किती जाड आहे ते,
तर म्हणे उशीर होतो.

होतोच उशीर. त्या उशिरात एखादा जाईलही.
हे पत्रात लिहिलं नाही. इथे लिहिते.

रविवारी शेजाऱ्याकडून मूसची नडगी मागून आणली.
शेडमध्ये, नवऱ्याच्या ड्रिलने, सगळ्यात बारीक पात्याने.
हाड आधी दाद देत नाही,
मग एकदम आतून मऊ होतं,
त्या क्षणी थांबायचं असतं.
पहिल्यांदा थांबले नाही.
पाचव्यांदाही नाही.