आभारप्रदर्शन

सत्तावीस वर्षं मंडळाचं आभारप्रदर्शन माझ्याकडे.
अध्यक्ष बदलले, पडदा दोनदा बदलला,
नायिका करणारी शैला तारकुंडे आजी झाली,
आभार मात्र मीच मानायचे,
लोक चपला शोधत असताना.

यादी पाठ.
शाळेचे हेडसर, हॉलसाठी.
दवे इलेक्ट्रिकल्स, दिव्यांसाठी.
टेंबे पती-पत्नी, तालमीच्या चहासाठी.
आणि शेवटी, जरा आवाज चढवून,
आपल्या वॉर्डाचे लाडके पार्षद
श्री. भेरूलालजी सांखला,
खुर्च्यांसाठी.

दीडशे खुर्च्या. लोखंडी, घडीच्या.
पाठीवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव,
रुखवताच्या भांड्यांवर असतं तसं.

पार्षद व्हायच्या आधी त्यांचं टेंट हाऊस होतं
जुन्या इंदुरात, नदीच्या वासात.
लग्न, तेरावं, प्रचारसभा,
सगळ्यांना खुर्च्या त्याच, कापड तेवढं वेगळं.
मराठी त्यांना 'या, बसा' इतकीच यायची.
तरी तीन अंकी नाटकाला पहिल्या रांगेत,
डोळे मिटून.
आम्ही विंगेत म्हणायचो, झोपले बघ.

एकदा प्रयोगानंतर मी विचारलंच,
भेरू भिया, काही कळलं की नी?
म्हणाले,
"बोली तो नी समजी.
पण दूसरा अंक में कुरसी घणी बोली.
वां थोड़ो काटजो."

दिग्दर्शक कुळकर्णी दोन दिवस धुमसत होता.
टेंटवाला शिकवणार आता!
तिसऱ्या रात्री त्यानं गुपचूप
दुसऱ्या अंकातली आईची साडेचार पानं कापली.
पुढच्या खेपेला तिथेच हॉल असा गप्प झाला
की पंख्याची कुरकुर ऐकू आली.
मग तालमीतसुद्धा कुणी लांबण लावली
की आम्ही म्हणू लागलो,
बोलली रे, कुरसी बोलली.

कुणीतरी त्यांना हिशेबही विचारला होता,
या मराठी लोकांची मतं किती, भिया?
ते शेव चघळत म्हणाले, साठ-सत्तर,
त्यांतली अर्धी पुण्याला, नातवंडांकडे.
आणि निगमात जाऊन
हॉलच्या थकलेल्या बिलाची मुदत वाढवून आले.

एकशे बावीस मतांनी पडले.
पेपरात मथळा: सांखलांची खुर्ची गेली.
आमच्या दीडशे जागेवरच होत्या.

नवा पार्षद तरुण, हसतमुख, वाईट नाही.
त्यानं पहिल्याच आठवड्यात पेंटर पाठवला.
हिरव्या रंगाचा एक हात,
वर नवं नाव, दीडपट मोठं.
एसीचं आश्वासन दिलं.
आम्हीही टाळ्या वाजवल्या,
एप्रिलमधला हॉल आम्हीच सोसतो.

त्या डिसेंबरात भेरूलालजी आले.
खिडकीवर साठ रुपये मोजून तिकीट घेतलं.
मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसले.
मी पडद्याच्या भोकातून पाहिलं:
डोळे मिटलेले.

प्रयोग रंगला. कुळकर्णी विंगेत
स्वतःशीच मान हलवत होता.
मग मी पुढे आलो. हेडसर. दवे. टेंबे पती-पत्नी.
पहिल्या रांगेत नवा पार्षद,
त्याच्या शेजारी त्याचा फोटोग्राफर, गुडघ्यावर.
आपल्या वॉर्डाचे लाडके पार्षद, इथवर जीभ सवयीनं गेली,
पुढे नाव नवं घेतलं,
आणि म्हणालो, खुर्च्यांसाठी.
कागदावर तसंच होतं.
कागद मीच लिहिला होता.

अडीच तासांत एकही बोलली नव्हती.
तेव्हा मागून, खांबाच्या बाजूनं,
एकच,
लांब.

मी घाईनं राष्ट्रगीत म्हटलं.
सगळेच उठले,
आणि मग कुठली कुणाची
ते कळेना.