शेरा

मीटरची पेटी उघडण्याआधी
दोनदा टिचकी मारायची, हे मला खात्याने शिकवलं नाही.
समा रोडला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात
झाकणामागून पालीची शेपटी हातावर पडली
आणि एकटीच वळवळत राहिली.
पाल केव्हाच निघून गेली होती.
तेव्हापासून टक टक.
आत कोणी असेल तर त्यांना आवरायला वेळ.

वहीत दोन रकाने, आकडा आणि शेरा.
शेऱ्यात लिहायचं : घर बंद, काच धुरकट, सील तुटलेलं.
मी एकदा लिहिलं :
कुंभारीण माशी. मातीची सहा मडकी. आकडा दिसत नाही.
साहेबांनी चष्मा वर केला, आ शुं छे, घोटेकर?
म्हटलं, भाडेकरू आहेत साहेब.
ठक्करबेनला तीन महिने सरासरी बिल गेलं,
त्या भांडायला ऑफिसात आल्या, ते रास्तच होतं.
मडकी रिकामी झाल्यावर काच मी नखाने खरवडली.
एकात एक कोळी शिल्लक होता,
पिल्लासाठी ठेवलेला,
कुणी न खाल्लेला डबा.

दांडिया बाजारात घोरपड्यांच्या मोरीत घोरपड राहते.
हा विनोद त्या घरात तीन पिढ्या चालू आहे,
आणि घोरपडसुद्धा.
पायरीखालून आधी जीभ येते, मग बराच वेळाने बाकीची.
मीटर नेमकं त्या पायरीच्या वर.
यशोधराकाकू म्हणतात, थांबा हो, तिचं ऊन खाऊन होऊ दे.
मी थांबतो. चहा येतो.
चकती फिरतच असते, तिला काय.

नदीकाठच्या पंपाचं मीटर
थंडीत माझ्या वाट्याला यावं म्हणून मी अदलाबदल करायचो.
लोकांना वाटे उलटं.
पण थंडीत मगर काठावर असते,
म्हणजे कुठे आहे ते तरी कळतं.
मे महिन्यात विश्वामित्रीचं पाणी नुसतं पाणी दिसतं.
पंपावरचा भूपत म्हणायचा,
ए कंई नहीं करे. पण तमेय कंई ना करता.
पेटीपासून तिच्यापर्यंत बावीस पावलं,
मी मोजली होती, अर्थात नजरेनेच.
एकदा ती तोंड उघडून पडली होती
आणि जवळच एक टिटवी
घरचंच असल्यासारखी हिंडत होती.
त्या दिवशी आकडा चुकला माझा.
दोन वेळा लिहिला, दोन्ही वेळा चुकला.

फतेगंजच्या बंद बंगल्यात वापर शून्य.
पेटीच्या बुडातून पिंपळ आला होता.
मी दर महिन्याला तोच आकडा लिहायचो
आणि समोर, पेन्सिलीने, पानं.
चार. चार. सात.
एका चैत्रात अकरा, तांबडी, इतकी मऊ
की बोट लावायला धीर होईना.
उपटून टाका असा नियम आहे.
नियमाच्या रकान्यात मी लिहिलं, घर बंद.

आता मीटरं आपला आकडा आपणच पाठवतात.
मला खुर्ची मिळाली, पंखा मिळाला,
पडद्यावर पंधराशे घरं एकाखाली एक,
सगळी जागच्या जागी.
शेऱ्याचा रकाना राहिला नाही.
परवा जेवणाच्या सुट्टीत
नव्या पोराला मी कुंभारणीचं सांगत होतो,
तो म्हणाला, पण काका, मग बिलाचं काय झालं?
बरोबर विचारलं त्याने.

काल रात्री आमच्याच जिन्यातले दिवे लुकलुकले.
एकतीस वर्षांत स्वतःच्या घराचं मीटर
मी कधी वाचलं नव्हतं.
ही म्हणाली, सकाळी वायरमनला बोलवा.
बॅटरी घेऊन खाली गेलो.
पेटीच्या फटीतून काथ्या बाहेर आलेला,
थोडा कापूस,
आणि कुरतडलेला कागद, त्यावर अर्धं आडनाव, टेकर.
गेल्या दिवाळीचं बिल.

टक टक.

आत कुणीतरी अंग चोरलं.
मी बॅटरी विझवली
आणि अंधारात, जिन्यावर,
दिवे लुकलुकत होते तसे लुकलुकू दिले.
वर आल्यावर हिने विचारलं, काय होतं?
म्हटलं, घर बंद.