तीनदा पाय, मग शिवी

इनास मेस्त पूल ओलांडून आला लोटलीहून,
स्कूटरवर पुढे पान्यांची पेटी, मागे रुझार,
आणि बॉनेट न उघडताच विचारू लागला:
सकाळी त्रास, की दुपारी?
तापल्यावर बंद केली तर लगेच सुरू होते?
रात्री उतारावर उभी असते, की सपाटीला?

मला काय ठाऊक.
एकतीस वर्षं मी डावीकडे बसले.
गेल्या मार्गशीर्षात ह्यांचे डोळे गेले, म्हणजे गेल्यातच जमा,
मडगावच्या डॉक्टरीणबाईंनी किल्ली टेबलावर ठेवायला लावली,
ती मी उचलली.
अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, शाळेच्या मैदानात,
शाळेची भिंत थोडी खरवडून.
वळवता येते. मागे घेता येते.
सुरूच तेवढी होत नाही माझ्याच्याने.
दोनदा बोरीच्या उतारावर केळी विकणाऱ्यांनी ढकलली.

सोप्यावरून हे म्हणाले,
फियाट आहे ती, तिला समजून घ्यावं लागतं.
तीनदा पाय, चोक अर्धा, आठ अंक मोजायचे,
मग एक शिवी. मोठ्याने.
इनास हसला नाही.
‘आवाज कसो येता, बाय?’

तो मात्र मला पाठ.
स्वयंपाकघरातून इतक्या सकाळी ऐकलेला:
लांब, कोरडं घुर्र घुर्र घुर्र,
उन्हाळी विहिरीत कळशी पाण्याला न टेकता हेलकावते तसं.
मग थांबणं. मी भाकरी उलटायची.
पुन्हा तेच.
तिसऱ्याला एक खोकला, मग शिवी,
मग सगळी भांडी मांडणीवर थरथरायची
आणि माझा डबा भरून झालेला असायचा.
हे सगळं मी तोंडाने करून दाखवलं, भर अंगणात, शिवीसकट.
रुझार स्वतःच्या चपला बघत राहिला.

‘कोरडं म्हणालात?’

बॅटरीवरची हिरवी बुरशी त्याने गरम पाण्याने धुतली, पण मनापासून नाही.
प्लग काढून इंजिनाला टेकवला, मला किल्ली फिरवायला सांगितली.
ठिणगी निळी, चटचटीत, तिचा काही दोष नव्हता.
मग वरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या घशात टॉर्च धरला.
थेंब नाही.
तेलाची काडी ओढून हुंगली, रुझारला दिली, रुझारने मला.
काळ्या तेलाला पेट्रोलचा वास.

‘राती पेट्रोल फाटीं वता.
थोडें टाकींत, थोडें तेलांत.’

पंप उघडला. आत रबरी पडदा, निरांजनाच्या ताटलीएवढा,
कडक, कडेला चिरलेला नाही, दिसायला धड.
नवा रुझारने फोंड्याहून आणला. जुनं तेल काढलं, नवं भरलं.
पैसे इनासने इतके कमी सांगितले
की मी नारळ दिले.

दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली,
अर्ध्या घुर्रला सुरू.
सोप्यावर हे तोंड उघडून बसलेले,
मोजणी तीनवर, शिवी अजून छातीत.
‘म्हणजे आता कुणीही सुरू करील,’ म्हणाले,
आणि चहा निवू दिला.

मी बाजारात गेले. परत आले. फिरून विषय नाही.

तिन्हीसांजेला म्हणाले, तो जुना कुठाय?
टाकला नव्हता, कसा कोण जाणे, खिडकीत ठेवला होता.
बोटांनी चाचपला. काही नाही.
डोळ्यांपाशी धरला, सवयीने.
मग ओठांना लावून फुंकू लागले,
पलीकडे आपलाच तळहात धरून,
थोडं सरकवून, पुन्हा फुंकून,
दिवा लागला तरी फुंकतच होते.

‘आहे,’ म्हणाले.
माझा हात ओढून समोर धरला.
सुईच्या टोकाएवढी हवा, गार,
बरोबर मधोमध.