कोण कोण चालू आहे

सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री साडेअकराला मी कॉम्प्युटरला विचारते,
बाबा रे, एवढी धाप कशाची?
एक रिटर्न तर उघडायचंय,
अंबडच्या त्या क्रेटवाल्याचं.
वीस तारीख उद्यावर आलीय.
तो मला पगार मॅडम म्हणतो
आणि पगारच थकवतो.

तीन बटणं एकदम दाबली. यादी उघडली.
अगंबाई, एवढी मंडळी आत
आणि मी चहा टाकला एकटीपुरता!

एक जण अजून प्रिंटर शोधतोय.
प्रिंटर दिवाळीआधीच भंगारात गेला,
साडेतीनशेला, वायरीसकट.
याला कुणी कळवलंच नाही.
बंद.

भाच्याचा एक खेळ दर तासाला
नवी तलवार आली का बघून येतो.
भाचा आता ओझरला शिकाऊ,
सकाळी सहाची बस, हाताला ग्रीसचा वास.
बंद करताना मशीन विचारतं, नक्की?
जतन न केलेलं हरवेल.
काय हरवेल, ते सांगत नाही.

हवामानाची चकती आमचं घर मुंबईत धरून चालते,
चोवीस अंश म्हणते.
मी शाल गुंडाळून बसलेय,
निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या असतील.
हीसुद्धा बंद.

मग एक. नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे.
बंद केला, परत आला.
बंद केला,
परत.
जेलरोडच्या दगूमामांसारखा:
प्रेसमधून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
पण पहाटे पाचला डबा घासून पालथा घालतात,
भोंग्याकडे कान लावून.
मामी म्हणते, राहू दे गं, कुणाचं काय खातात?
हा तीन टक्के खातो.
राहू दे.

आणि मग आतला पंखा
हळूहळू खाली बसला.
इतकं शांत झालं घर
की गच्चीवरचं पाणी ऐकू आलं.
टाकी भरून वाहत होती,
पत्र्यावरून, जिन्याच्या भिंतीवरून,
कधीपासून, कोण जाणे.

रिटर्न तसंच उघडं ठेवलं,
चपला सापडेनात, अनवाणीच
गार फरशीवरून खाली गेले
मोटार बंद करायला.