पावती क्रमांक

सावद्याला केळीच्या काट्यांवरून
पहाटे चारपासून नोंदी यायला लागतात.
नवं मशीन आलं, बत्तीस कोरचं.
फिरकेसाहेबांनी नारळ फोडला, रॅकला कुंकू लावलं
आणि सहाव्या दिवशी फोन:
"जुनंच बरं होतं का हो, पाचपांडे?
ट्रक पार फाट्यापर्यंत उभे आहेत,
पावती काही निघत नाही."

मी भुसावळला, रात्री दीडला,
मे महिना, कुलरमधलं पाणीसुद्धा कोमट.
स्क्रीनवर बत्तीस पट्ट्या, बत्तीसही लालभडक.
कुणालाही वाटावं, काय राबतायत!
जवळ जाऊन पाहिलं.
राबणं कसलं,
एकाच कडीशी उभे राहून सगळे
उघडली का, उघडली का,
सेकंदाला लाखदा विचारत होते.
नुसतं ताटकळूनही घाम येतो,
यंत्रालासुद्धा.

डिस्क निवांत. मेमरी अर्धी रिकामी.
मग सापडली ती:
एका टेबलातली एक ओळ,
शेवटचा पावती क्रमांक.
चाळीस काटे, तीनशे कनेक्शनं,
प्रत्येकाला त्याच आकड्यात एक मिळवायचा.

फैजपूरच्या लग्नातले मांडे आठवले.
सात जणी कोपरापर्यंत पारी पसरवत,
चुलीवर पालथं खापर एकच.
मांडा थांबत नाही, हातावरच फाटतो.
कुणीतरी म्हणालं, अजून दोघींना बोलवा.
धुरातून कौतिकमामी:
"हात कायले वाढवता वं?
खापर तं येकच हाये!"

तीनशेची अठ्ठेचाळीस केली कनेक्शनं,
बाकीच्यांना म्हटलं, दाराबाहेर बसा जरा.
आणि प्रत्येक काट्याला
शंभर-शंभर नंबर आधीच वाटून टाकले.

"मधले सुटले तर? ऑडिटर?"
"सुटतील. रजिस्टरला लिहू."
"लिहू म्हणजे कोण लिहील?"
"मी."
पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

चार वाजून बारा मिनिटं.
पट्ट्या उतरल्या, हिरव्या, आखूड,
बऱ्याचशा तर दिसेनातच.
"अहो, एवढे कोर रिकामे?
म्हणजे पैसे पाण्यात?"

मी उत्तर दिलं नाही.
भारंबेंच्या सात नंबरच्या काट्यावर
पहिली पावती निघत होती,
शेवटचे आकडे सातशे एक.
सहाशे पन्नास अजून
कुणाचाच नव्हता.