तरीपण

आठवी ब. बुधवार. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास,
डब्यांतल्या लसणाच्या चटणीचा वास अजून बाकांवर.
फळ्यावर लिहिलं : मत. कारण. पुरावा.
आणि खाली, जरा जागा सोडून : समोरच्याचं म्हणणं.

सम्मेद चौगुलेनं वही सगळ्यांआधी आणली.
"शाळेच्या मैदानावर फुटबॉल पायजेच,
कारण फुटबॉल नसंल तर शाळा कशाला."
मी म्हटलं, हे कारण नव्हे रे, हा तुझा आवाज आहे, चढलेला.
"बाई, पेठेत असंच जिंकत्यात."
वर्ग हसला. मीही.
खोटं कुठं बोलत होता तो?

दोन आठवडे मी एवढंच शिकवत राहिले :
'सगळे म्हणतात' म्हणजे कितीजण, मोजून ये.
'नेहमी' लिहिलंस, मागच्या मंगळवारी काय झालं ते आठव.
आजोबा म्हणाले, हा पुरावा नाही.
आजोबांनी बघितलं, हा असू शकतो;
कधी, कुठून, विचारून ये.
आणि समोरच्याचं म्हणणं लिहिताना
त्याला मुद्दाम बोबडं करायचं नाही.
तो शेजारी बसून वाचतोय असं समज.
त्यानं म्हणायला हवं, "व्हय, हेच म्हणायचं होतं मला."
तेवढं झालं की मग खोड.

मग विषय दिला :
पूररेषेतली घरं हलवावीत का?
स्टाफरूममध्ये चहा पिताना सुचला होता.
बरा वाटला. दोन बाजू असलेला.

मिसबाह मुल्लाणी. तिसरा बाक, खिडकीकडून दुसरी.
तिनं कधी हात वर केलेला मला आठवत नाही.
तिनं लिहिलं : हलवू नयेत.
कारण शिलाईचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत.
पँट आखूड करायला केएमटीनं उपनगरात कोण येणार?
पुरावा : महिन्याची गिऱ्हाइकं एकशे बारा, अब्बांच्या वहीतून,
त्यांतली चालत आलेली शहाण्णव.
मी समासात 'छान' लिहिलं.

पान उलटलं.

पाणी रात्री येतं, तिनं लिहिलं होतं.
दोनदा आलं.
दुसऱ्यांदा आधी मशीन काढायचं की नानांना
यावर घरात भांडण झालं,
आणि आधी मशीन काढलं.
नानांना काही झालं नाही.
पण मशीन बाहेर जाताना ते पलंगावरून बघत होते.
हे समोरच्याचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे.

खाली नवा परिच्छेद.
तरीपण,
स्वल्पविराम सुद्धा नीट दिलेला.
पुढचं अर्धं पान कोरं.

हा शब्द मीच शिकवला होता,
पिवळ्या खडूनं, चौकट करून :
इथं निबंध वळतो.
दसरा चौकात रिक्षा वळावी
इतकं सोपं करून सांगितलं होतं.

राजारामपुरीत, बाराव्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
वही घेऊन बसले.
इथवर पाणी येत नाही.
पुरावा तीन, मांडणी तीन, समोरची बाजू दोन,
निष्कर्षाचे दोन कापले.
खोडले. परत कापले.
कुकरची शिट्टी झाली, उठले.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात विचारलं,
"पुढचं सुचलं नाही का गं?"
"सुचलं की ओ बाई. चारदा लिहायला गेलो.
पण तुम्हीच सांगितलंसा न्हवं,
शेजारी बसून वाचतोय असं समजायचं.
नाना वाचायला लागले."

गुण अजून दिलेले नाहीत.
वही माझ्या पिशवीत आहे, ती मागत नाही.
सम्मेद मात्र सुधारलेला निबंध घेऊन दारात उभा,
घामेजलेला, एका पायात बूट :
"बाई, समोरच्याचं लिवलंय बघा.
शेजारच्या कॉलनीत सहा काचा फुटल्या, जाऊन मोजल्या.
चार आमच्याच."